पाण्यातला गोमाजी

मेलेला माणूस परत येत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. राजे गेले, साधू गेले, मोठमोठे डॉक्टर गेले. कोणी परत आल्याची नोंद नाही. मोहटोल्यात मात्र गोमाजी उईके येत्या सोमवारी परत येणार होता, आणि त्याला आणायला पाण्यात कोणी उतरायचं एवढाच प्रश्न बाकी होता.

तुलारामच्या मते तो प्रश्न त्याला विचारायचं काही कारण नव्हतं. तो खळ्यावर धान उपणत होता. वारा चांगला सुटला होता, तणसाचा भुसा डोळ्यात जात होता, आणि समोर गोमाजीची बायको कुंताबाई येऊन उभी राहिली होती. तिचा उजवा हात मनगटापाशी वाकडा बसला होता. त्या हाताकडे पाहायचं नाही, हे तुलारामनं चार महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं.

"भाऊजी, सोमवारी हाक तुमाले माराची हाय."

"मले? अवो वयनी, माहा गळा बसला हाय. आयकून नाई रायल्या का?"

"बसलेल्या गळ्यानं मारा. पानी काई बहिरं नाई."

"त्यापेक्षा करडीच्या वासुदेवदादाले बलावा ना. भजनात असते तो. आवाज कसा खणखणीत."

"तो यांच्यापेक्षा मोठा हाय. हाक धाकट्यानंच माराची असते. धाकटे तुमी एकलेच उरले." कुंताबाईनं पदर खोचला. "रीत काई मी नाई बनवली."

ती गेली. तुलारामनं पुढचं सूप वाऱ्याच्या उलट्या अंगानं धरलं आणि सगळा भुसा स्वतःच्या डोक्यावर घेतला.

मोहटोल्याच्या उईक्यांची रीत अशी, की माणूस मेला म्हणजे त्याचा जीव पाण्यात जाऊन बसतो. धान घरी आलं की घरचे लोक पाण्याशी जातात. धाकटा भाऊ कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो, टोपली बुडवून धरतो, मेलेल्याला नावानं हाक मारतो आणि त्याला मरण कसं आलं ते सांगतो. 'दादा, तू तापानं गेला, घरी चाल.' 'काका, तुले साप डसला, घरी चाल.' मग टोपलीत जे जिवंत येईल, मासोळी म्हणा, खेकडा म्हणा, पाण्यातला किडा म्हणा, तो आपला माणूस. त्याला मडक्यात घालायचं, डफ वाजवत घरी न्यायचं, देवापाशी बसवायचं आणि बकरा कापायचा. हे झाल्याशिवाय त्या घराण्यात हळद लागत नाही.

अट एकच. मरण कसं आलं ते खरं सांगायचं. जीवाला आपण कसे मेलो ते ठाऊक असतं. खोटं सांगितलं तर हाक दुसऱ्याच कोणाला चालली आहे असं समजून तो जागचा हलत नाही.

अडचण नेमकी इथेच होती. तुलाराम गोमाजीचा धाकटा चुलतभाऊ होता, तसाच तो मोहटोल्याचा पोलीस पाटीलही होता. आणि गोमाजीला मरण कसं आलं, हे त्यानं एकदा सांगून टाकलं होतं. लेखी.

*

भिवसनच्या पहाडीच्या पोटात मँगनीज आहे हे मोहटोल्याला फार उशिरा कळलं. तोपर्यंत ती पहाडी कागदावर कंपनीला मिळालीही होती. वास्तविक त्याच पहाडीचा वनहक्काचा पट्टा सरकारनं गावाला दिलेला होता. तो काचेच्या चौकटीत घालून ग्रामपंचायतीत लावला होता, आणि सव्वीस जानेवारीला त्याला हार घालत. गोमाजी सातवी शिकलेला. त्यानं तो पट्टा नुसता हार घालण्यापुरता न ठेवता वाचला, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

त्यानं ग्रामसभा भरवली. चाळीस घरं गोंडांची, पंधरा मासे धरणाऱ्या ढिवरांची. सगळ्यांनी हात वर केले आणि खाण नको म्हणून ठराव झाला. मग जनसुनावणी लागली. ती जनतेला सोयीची पडावी म्हणून पंचवीस किलोमीटरवर ठेवली होती. गोमाजी दोनशे माणसं घेऊन तिथंही गेला आणि सगळ्यांनी एकेक करून नाही म्हटलं. इतिवृत्तात आलं, 'कोणाचीही हरकत प्राप्त झाली नाही.' माइक चालू होण्याआधी त्या सगळ्या हरकती घेऊन झाल्या होत्या.

ऑगस्टात, ऐन रोवण्याच्या म्हणजे धान लावायच्या दिवसांत, पहाडीच्या पायथ्याशी मशीन आलं. सोबत काळ्या बनियनातली तीसेक माणसं होती. कागदात त्यांचा उल्लेख 'सुरक्षा कर्मचारी' असा आहे. बाया चिखलाच्या पायांनी धावत गेल्या आणि मशीनपुढे बसल्या. कर्मचाऱ्यांनी त्यांना दंड्यांनी सुरक्षित केलं. कुंताबाईचा हात त्यात मोडला. तिघं जण मात्र तिथं थांबले नाहीत. ते तलावाच्या मातीच्या पाळीवरून गोमाजीच्या मागे धावले. तासाभरानं गोमाजी सांडव्याच्या दगडांत पालथा सापडला.

संध्याकाळी ठाणेदार आले. वरच्या घाटावरचे होते, बोलायला मऊ. त्यांनी पंचनामा आधीच लिहून आणला होता. 'पाळीवरून चालत असता पाय घसरून सांडव्यातील दगडावर पडून मयत.'

"सायेब," तुलाराम म्हणाला, "डोक्याले तीन घाव हायेत."

"हो ना."

"दगड तं एक."

ठाणेदारांनी दगडाकडे पाहिलं, तुलारामकडे पाहिलं. "दगडाला कोपरे असतात, पाटील. तीन तर धरून चाला." मग त्यांनी पेन पुढे केलं. "तुम्ही काही पाहिलंय का? पाहिलं असेल तर सांगा. तुमचाही जबाब घेऊ. त्रेचाळीस लोकांवर गुन्हा दाखल होतोय, तुमचं नाव अजून तरी यादीत नाही."

तुलारामनं सही केली. अक्षर त्याचं पहिल्यापासून चांगलं होतं.

मशीन अडवल्याचा गुन्हा त्रेचाळीस जणांवर लागला. आरोपी क्रमांक एक गोमाजी उईके, समोर शेरा 'फरार'. म्हणजे एकाच ठाण्यात गोमाजी एका कपाटात पाय घसरून मेलेला होता आणि दुसऱ्या कपाटात पळून गेलेला होता. महिन्यातून एकदा शिपाई समन्स घेऊन कुंताबाईच्या दारात येई आणि विचारी, "घरात आहे का?"

"नाई," ती म्हणे. "सांडव्यात पाह्य."

तुलारामला या चार महिन्यांत कोणी काही विचारलं नाही. तेवढं एक बरं होतं. फक्त पाळीखालच्या त्याच्या धानाच्या बांदीत तो पुन्हा पाय टाकू शकला नाही. निंदण, कापणी, सगळं त्यानं मजुरांकडून करून घेतलं. पाळीवरून न जाता पहाडीला वळसा घालून गावात येऊ लागला. आणि त्याला हाक ऐकू यायची. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, पाठीमागून कोणीतरी त्याच्या नावानं ओरडे. तो "हाव" म्हणून वळे. मागे कोणी नसे. कधी बैल धुताना, कधी जेवताना, एकदा तर तहसील कार्यालयाच्या रांगेत. तो "हाव" म्हणे आणि वळे. आजकाल माणसं कानात यंत्र घालून एकटीच बोलत असतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

*

सोमवारी तलावावर गाव जमलं. जमावबंदी चालू असल्यामुळे परवानगी काढावी लागली. अर्ज पोलीस पाटलानंच लिहिला. विषय : 'मयत इसमास घरी आणणेबाबत.' ठाण्यातून एक शिपाई देखरेखीला आला आणि पाळीवरच्या मोहाच्या सावलीत बसला.

देवाचं करणारा म्हातारा भुमका भैयाजी सलामे. त्यानं पाण्याला तांदूळ वाहिले आणि तुलारामला म्हणाला, "चाल गा. उतर."

तुलारामनं रात्रभर विचार करून एक वाक्य बसवलं होतं. ते पंचनाम्यालाही सोसणारं होतं आणि पाण्यालाही. तो कमरेइतका आत गेला, टोपली बुडवली आणि म्हणाला, "गोमादादा, तू पान्यात गेला. घरी चाल."

टोपली वर काढली. पाणी गळून गेलं. खाली काही नव्हतं.

"पुन्हा बुडव," भैयाजी म्हणाला.

पुन्हा काही नाही. सातव्यांदा टोपलीत एक मोहाचं पान आलं.

"पान चालन का?" तुलारामनं विचारलं.

"पान जित्तं नसते. आन तू सांगून काय रायला? पान्यात गेला म्हनते. पान्यात तं म्हशीबी जातात. कसा गेला ते सांग ना."

"गेला म्हंजे गेला, भैयाजी."

काठावर ढिवरांचा घनश्याम उभा होता. तलावाची मासेमारी त्याच्या सोसायटीकडे होती. त्याला हा सगळा प्रकार स्वतःचा अपमान वाटू लागला होता. "लोकं म्हनतीन, घनश्यामच्या तलावात मासोरी नाई," तो म्हणाला. "या वर्सी म्या बीज सोडलं हाय भाऊ, मोजून सोडलं हाय! सरका जराशे." त्यानं तिथंच, तुलारामच्या कोपराजवळ, जाळं फेकलं. ओढलं तेव्हा जाळ्यात मासे नुसते चांदीसारखे तडफडत होते. घनश्यामनं ते अभिमानानं सगळ्यांना दाखवले. तुलारामची टोपली तशीच रिकामी.

मंगळवारी तुलारामनं सरळ पंचनामा म्हटला. "गोमादादा, तुहा पाय घसरला. तू दगडावर पडला. घरी चाल."

कुंताबाई मडकं मांडीवर घेऊन बसली होती. ती पाण्याकडे पाहत राहिली. तुलारामनं टोपली अकरा वेळा बुडवली. पाण्यावर धावणारे लांब पायांचे किडे असतात, ते टोपलीच्या आजूबाजूनं फिरत होते आणि ती जवळ आली की बाजूला होत होते. जणू त्यांना कोणी सांगून ठेवलं होतं.

"आज राहू द्या," भैयाजी म्हणाला. "तो आयकून नाई रायला."

"आयकून तं रायला असन," कुंताबाई म्हणाली. एवढंच.

पाहुणे दोन दिवसांचे म्हणून आले होते, त्यांना तिसऱ्या दिवसाचा भात लावावा लागला. बकऱ्याला पाला घालावा लागला. संध्याकाळी तुलाराम ओसरीवर बसला तेव्हा त्याची बायको रुपा भांडं आपटत बाहेर आली.

"आपल्या तृप्तीची हळद माघात हाय. ध्यानात हाय ना?"

"हाय."

"दादा पान्यात अन पोरगी घरात, असं किती दिवस चालवाचं म्हन्ता?"

"मी काय करू? येत नाई तो."

"काहून येत नाई ते तुमाले ठावं नाई का?"

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचे जनसंपर्क अधिकारी चंद्रकुमार होते. नागपूरचे. गावात कोणाकडे बारसं असलं तरी शुभेच्छा देणारे.

"पाटील साहेब, नमस्कार! आपल्याकडचा कार्यक्रम लांबला असं समजलं."

"हाव."

"मासोळीचं काही अडून राहिलंय म्हणे? तसं असेल तर संकोच करू नका. उद्या सकाळी भंडाऱ्याहून जिवंत मासे पाठवून देतो, ड्रममध्ये. कोणता पाहिजे ते फक्त बोला. कंपनी स्थानिक परंपरांचा आदरच करते."

"नाई. नको."

"बघा बुवा. बाकी सगळं ठीक? तुम्ही आपले आहात म्हणून बोलतो, पाण्यात उभं राहून माणूस काहीबाही बोलून जातो. शिपाई वही घेऊन बसतो ना तिथं?"

तुलारामनं फोन ठेवला. मग त्याला हाक ऐकू आली. "हाव," तो म्हणाला. रुपा दारातच उभी होती. तिच्या कानात यंत्र नव्हतं आणि त्याच्याही नव्हतं. ती आत गेली.

*

बुधवारी पाणी फार थंड होतं. तुलाराम उतरला आणि नेहमीच्या जागी न थांबता सांडव्याच्या बाजूला सरकला. तिथून वर पाळ दिसते; पाळीच्या पलीकडे खाली त्याची बांदी आहे. त्यानं टोपली बुडवली.

"बोल गा," भैयाजी म्हणाला.

"गोमादादा," तुलाराम म्हणाला, "तू घसरला नाई."

पाळीवर शिपायानं वहीतून मान वर केली.

"तिघं होते. एकाच्या हातात लोखंडी पाइप होता, दोघापाशी दंडे होते. पहिला मारला तवा तू पाळीवरच होता. दुसऱ्याले गुडघ्यावर आला. तिसऱ्याले खाली गेला. मंग ते खाली उतरून आले, पाह्यलं, अन तुह्या गमच्यानं हात पुसून वरतं गेले. मी पाह्यलं. मी तथंच होतो, बांदीत. सकारीच जाऊन बसलो होतो, मशीन येनार हाय हे मले ठानेदारानं आदल्या दिवशीच सांगतलं होतं. म्हनून मी रोवना काढला. म्हनजे मले गावात राहा लागू नये."

पाणी स्थिर होतं. तुलारामचा आवाज खरोखरच बसला होता, पण त्या शांततेत तो पार पहाडीपर्यंत जात होता.

"तू मले पाह्यलं. पाळीवरून पाह्यलं. 'तुलाराम गा' म्हनून हाक मारली. दोनदा मारली. मी चारीपाच मजूर हाका मारून उभे करू शकत होतो, पलीकडल्या बांदीत होते ते. माह्या हातात धानाचे परे होते, दादा. मी खाली वाकलो अन रोवत रायलो. तू पडेपर्यंत मी तीन ओळी रोवल्या."

काठावरच्या बायांपैकी कोणीतरी तोंडावर पदर दाबला.

"तू असा गेला," तुलाराम म्हणाला. "घरी चाल."

त्यानं टोपली वर काढली. पाणी गळलं. तळाशी करंगळीच्या पेराएवढा एक झिंगा होता, काचेसारखा, आरपार दिसणारा. तो उलटा पडला होता आणि पाय हलवत होता.

इतक्या मोठ्या तलावातून, इतक्या घमासान आंदोलनाचा पुढारी एवढासा होऊन यावा याचं घनश्यामला फार वाईट वाटलं. "याच्याहून मोठे हायेत हो तलावात," तो हळूच म्हणाला. भैयाजीनं त्याला गप्प केलं, टोपलीत वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "जित्ता हाय. आला."

कुंताबाईनं मडकं पुढं केलं. झिंगा पाण्यात पडला आणि सरळ झाला. ती मडक्यात पाहत राहिली. मग मडक्यालाच म्हणाली, "चार महिने लावले." आणि वाकड्या हातानं त्यावर झाकण ठेवलं.

तुलाराम काठावर आला. कुंताबाई उठली.

"वयनी," तो म्हणाला.

"मले ठावं होतं," ती म्हणाली. "मौत झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेलती तुमच्या बांदीवर. बाकी सगळा रोवना वेडावाकडा होता, घाईघाईचा. तीन ओळी मात्र दोरी लावल्यासारक्या सरळ होत्या. इतल्या सरळ ओळी मानूस कवा रोवते, ज्याले मान वर कराची नसते तवा."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"मी बोलून काय होते? हाक मले थोडी माराची होती."

डफ वाजला. लोक मडक्यामागून चालू लागले. शिपाईही उठला, वही खिशात घातली आणि जेवायला सोबत गेला. त्याच्या नोंदीत एवढंच होतं : 'धार्मिक कार्यक्रम शांततेत पार पडला.'

*

त्यानंतर तुलारामनं जे केलं त्याला रीत नव्हती. तो दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेला आणि पाण्याला सांगितलेलं सगळं कागदावर लिहून दिलं. ठाणेदारांनी ते दोनदा वाचलं.

"पाटील, तुम्ही म्हणता पंचनाम्यावरची सही खोटी?"

"सही खरी हाय सायेब. पंचनामा खोटा हाय."

"म्हणजे खोट्या पंचनाम्यावर तुम्ही जाणूनबुजून सही केली."

"हाव."

"हे लिहून द्या."

त्यानं तेही लिहून दिलं. ठाणेदारांनी पोच दिली, चहा पाजला आणि कागद वर पाठवले. वर कागद फिरले, आणि गोमाजी उईके मृत्यूप्रकरणी कारवाई झाली नाही असं म्हणायला कोणाला जागा उरली नाही. कारवाई झाली. एका माणसावर झाली. पदाचा दुरुपयोग करून खोट्या दस्तऐवजावर सही केल्याचा लेखी कबुलीजबाब दिल्यामुळे मोहटोल्याच्या पोलीस पाटलाला पदावरून दूर करण्यात आलं. पाइप आणि दंडे कोणाचे होते याची चौकशी चालू आहे. गोमाजी दुसऱ्या कपाटात अजून फरार आहे.

तृप्तीची हळद माघात लागली. कुंताबाईनं तिच्या कपाळाला हळद लावली, डाव्या हातानं. मशीन होळीनंतर पुन्हा आलं, या वेळी सोबत पन्नास माणसं होती. बाया पुन्हा बसल्या. या वेळी तुलारामही बसला, आणि त्याच्यावरही गुन्हा लागला, आरोपी क्रमांक अठ्ठावीस. हाक अजून येते. फक्त आता तो जागच्या जागी 'हाव' म्हणत नाही. उठतो, हातातलं काम टाकतो आणि पाळीपर्यंत जाऊन येतो.

पोलीस पाटलाची रिकामी जागा भरण्याची जाहिरात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. पात्रता दहावी पास, गावचा रहिवासी, चारित्र्य निष्कलंक. मुदतीत अकरा अर्ज आले.